सांगानेरच्या खुल्या तुरुंगात चार दिवस

पहिला दिवस

मुंबईहून आदल्या संध्याकाळी निघालेली गाडी जयपूरच्या अलीकडे दुर्गापुऱ्याला दोन मिनिटं थांबते. जयपूरचे प्रवासी तेव्हा नुकते उठून बाकाखालच्या बॅगा ओढायला लागलेले असतात. मी तिथंच उतरले. सांगानेर इथून जवळ पडतं, हे एक कारण. दुसरं असं की राजस्थानातला पहिला खुला तुरुंग, म्हणजे जिथले कैदी दिवसा बाहेर कामाला जातात असा तुरुंग, १९५५ साली याच दुर्गापुऱ्यात सुरू झाला होता. फलाटावर त्याची खूण असायचं काही कारण नाही आणि नव्हतीच. कचोरीचा एक गाडा होता, त्याच्याकडे मोर्चा वळवला.

रजा टाकून तुरुंग बघायला कोण जातं, असं घरी तिघांनी तीन वेगवेगळ्या सुरांत विचारून झालं होतं. माझं माहेर आटपाडीचं आहे, एवढंच उत्तर मी दिलं. ज्यांना आटपाडी माहीत आहे त्यांना ते पुरतं. गावाला लागून स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये, मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरच्या आग्रहावरून, जन्मठेपेच्या कैद्यांना बायकामुलांसह शेतीवर ठेवलं, ती ही वसाहत. व्ही. शांतारामबापूंच्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटामुळं पुढं सगळ्या देशाला ती कल्पना कळली. आम्हा पोरांना मात्र त्याचं काहीच अप्रूप नव्हतं. बाजारात स्वतंत्रपूरची भाजी यायची आणि आजी ती निवडून घ्यायची, 'कैद्यांची हाय, पर ताजी असती' म्हणत. त्या 'पर'चा अर्थ मला पन्नाशीत लागायला लागला.

पैठणला आणि येरवड्यालाही खुली कारागृहं आहेत, पण तिथं कुटुंब नसतं. सांगानेरला असतं, आणि तेही मोठ्या प्रमाणात. साधारण चारशे कैदी, त्यातल्या बऱ्याच जणांची बायकामुलं, थोड्या स्त्री कैदी. म्हणजे स्वतंत्रपूरची मोठी बहीणच. वयानं मात्र धाकटी, कारण ही वसाहत १९६३ ची. उत्तर प्रदेशाचे माजी मुख्यमंत्री डॉ. संपूर्णानंद तेव्हा राजस्थानचे राज्यपाल होते. त्यांचंच नाव तिला आहे: श्री संपूर्णानंद खुला बंदी शिविर. एवढं लांब नाव कुणीच घेत नाही. आतले लोक 'कैंप' म्हणतात, रिक्षावाले 'खुली जेल'.

परवानगीचं पत्र आधी मिळालं होतं, पण ज्या टेबलावर ते दाखवायचं त्या टेबलाचे साहेब रजेवर. 'कल आइए.' दुपार मोकळी मिळाली म्हणून सांगानेर गावात हिंडले. छापाच्या कारखान्यांत लांबच लांब टेबलांवर पांढरं कापड ताणलेलं, आणि माणसं लाकडी ठसा टेकवून त्यावर मूठ मारत पुढं सरकत होती. गच्च्यांवरून रंगीत साड्या लोंबत होत्या. हातकागदाचा एक कारखाना पाहिला, भिजलेल्या चिंध्यांचा वास नाकात बसला. या सगळ्याला हात लागतात आणि त्यातले काही हात कैंपातून येतात, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसरा दिवस

माझ्या डोक्यात तुरुंग म्हणजे दगडी कमान आणि तिच्या पोटातलं छोटं दार. इथं फाटक होतं, पण ते उघडंच, आणि त्यातून एक शेळी माझ्याआधी आत गेली. तिला कुणी हटकलं नाही. मला हटकलं. ओळखपत्र, पत्र, वहीत सही. फोटो काढायचे नाहीत, असं बजावून झालं. मग ज्या ओळखीच्या बाई कैद्यांच्या कुटुंबांसाठी काम करतात त्या मला घेऊन आत निघाल्या.

आत वस्ती होती. जयपूरच्या कडेला अशा शंभर वस्त्या असतील. अरुंद गल्ल्या, एकाला एक चिकटलेल्या खोल्या, कुठं दगडी पट्ट्यांचं छप्पर तर कुठं पत्रा. दारापुढं मोटारसायकल, दोरीवर शाळेचा गणवेश, भिंतीला टेकवलेली खाट. खोल्या कैद्यांनी स्वतःच्या पैशानं बांधलेल्या, निदान डागडुजी करून राहण्याजोग्या केलेल्या. मालकी अर्थातच नाही. सुटका झाली की खोली पुढच्याला. सरकार इथं जेवण देत नाही, कपडे देत नाही. कमवायचं आणि खायचं, विजेचं बिलही आपलं आपण भरायचं. बंद तुरुंगात एका कैद्यावर सरकारचा जो खर्च होतो, त्याच्यापुढं इथला खर्च अगदी किरकोळ. कर्मचारीही बोटांवर मोजण्याइतके.

ज्या घरी मला बसवलं त्या बाईचा नवरा जन्मठेपेचा कैदी. अकरा वर्षं झालेली. नवरा कामावर गेला होता, सीतापुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, पॅकिंगच्या कामावर. ती स्वतः घरी शिलाई मशीनवर कुर्त्यांच्या बाह्या जोडत होती, नगावर पैसे. मशीन न थांबवता बोलत होती. मध्येच दोरा तुटला की वाक्यही तुटायचं.

तो पकडला गेला तेव्हा थोरली मुलगी दोन वर्षांची होती. पुढची आठ वर्षं ही सासरी. 'गावात मला कुणी वाईट बोललं नाही, दीदी. कुणी बोललंच नाही. आठ वर्षांत एका लग्नाचं आमंत्रण आलं नाही. इथं आले, तर पहिल्याच वर्षी चार लग्नं झाली. चारी ठिकाणी नाचले.'

शिक्षा नवऱ्याला झाली होती. हे मी वाचून आले होते, अगदी याच शब्दांत, पण नगावर बाह्या जोडणाऱ्या बाईच्या तोंडून चार लग्नांचा हिशोब ऐकणं वेगळं.

दुपारी तिनं बाजरीच्या भाकरी थापल्या, कढी होती आणि लसणाची लालभडक चटणी. आमच्याकडचीच म्हणावी अशी, फक्त खोबरं नाही. भरपूर जेवले. हात धुताना लक्षात आलं की नवऱ्यानं काय केलं होतं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. इथं ते विचारायची पद्धत नाही. नवा माणूस आला की विचारतात, 'कहां से आए?' आणि त्याचं उत्तर गावाचं नाव नसतं. अजमेर, जोधपूर, कोटा, बीकानेर असं असतं. कुठल्या तुरुंगातून आलास, एवढंच.

इथं कसं येता येतं, याचे नियम १९७२ चे आहेत. शिक्षेत मिळालेली सूट धरून तिचा तिसरा हिस्सा बंद तुरुंगात काढलेला हवा, वर्तन चांगलं हवं, आणि काही प्रकारच्या गुन्ह्यांतले कैदी चालत नाहीत. पॅरोलवर जाऊन वेळेत परत आलेला माणूस असला तर भरवसा वाढतो. राजस्थानात पहिली पॅरोल २० दिवसांची, दुसरी ३० ची, तिसरी ४० ची. कैंपातल्या बायका त्यावरूनच काळ मोजतात: 'धाकटा झाला तो तीसवाल्या पॅरोलनंतर.' आपल्याकडे 'मोठ्या पुराच्या वर्षी' म्हणतात तसं.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, हा समज आपल्याकडे घट्ट आहे. मलाही होता. जन्मठेप म्हणजे जन्मभर. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात चौदा वर्षं प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सुटकेचा विचारच होत नाही, आणि विचार झाला म्हणजे सुटका झाली असं नाही. त्यामुळं इथल्या घरांत 'बाबा कधी सुटणार' या प्रश्नाला तारीख नसते. ते घर कायमचं समजून राहायचं आणि कधीही सोडावं लागेल हे धरून राहायचं.

चारनंतर मुलं शाळेतून आली. आवारातच प्राथमिक शाळा आहे, अंगणवाडी आहे. मोठी मुलं बाहेर जातात. बाईच्या थोरल्या मुलीला मी विचारलं, वर्गात सांगतेस का कुठं राहतेस ते? तिनं माझ्याकडे जरा दयेनंच पाहिलं. 'सांगानेर,' ती म्हणाली. खोटं कुठं होतं त्यात!

आणि मग मशीनच्या आवाजात, दोरा ओवता ओवता, बाई म्हणाली, 'दीदी, तुमच्या फोनवर पावणेसातचा गजर लावून ठेवा. गप्पांत राहून जाईल.' मला वाटलं हिची काहीतरी गोळी असेल. ती हजेरी होती.

सांगानेरला भिंत शोधायची तर ती घड्याळात आहे. सकाळी उजाडायच्या सुमाराला एक हजेरी, संध्याकाळी सातच्या सुमाराला दुसरी. मधल्या वेळेत माणूस दहा किलोमीटरच्या आत कुठंही काम करो. आमच्या लहानपणी मुलींना 'सातच्या आत घरात' असायचं, तसलाच प्रकार. फरक इतकाच की इथं उशीर झाला तर रागावणं होत नाही, पुन्हा बंद तुरुंगात रवानगी होऊ शकते. या एका नियमानं सगळं आयुष्य कापून शिवल्यासारखं झालंय. रात्रपाळी घेता येत नाही. कारखान्यात सगळ्यांची पाळी फिरते, याची का फिरत नाही, हे सहकारी कधीतरी विचारतातच. ओव्हरटाइम नाही. लग्नाच्या वरातीचं वाढप नाही, त्यात पैसा बरा असूनही. टोंक रोडवर संध्याकाळी वाहतूक तुंबली की बसमध्ये सगळे वैतागतात, पण दोघातिघांना घाम फुटतो. बरेच जण म्हणून सायकल किंवा मोटारसायकल घेतात, बसच्या भरवशावर राहत नाहीत.

गजर वाजला. गल्ल्यांतून माणसं निघाली. हात पुसत, शर्टाची बटणं लावत, एक जण दाढीचा अर्धा साबण तसाच ठेवून. बाईचा नवरा साडेसहालाच आला होता, बारीक, चष्म्याचा, बँकेत कारकून शोभेल असा. मला नमस्कार करून तोही गेला. मैदानात रांगा झाल्या. वही धरून नावं घेणारा माणूस खाकीत नव्हता. तो स्वतःच कैदी होता.

तिसरा दिवस

सकाळी पोचले तेव्हा बंदी पंचायतीच्या ओट्यावर भांडण रंगात होतं. पाण्याची मोटर. एका गल्लीची तक्रार की दुसरी गल्ली सकाळी वीस मिनिटं जास्त चालवते. पंच पाच-सहा, वयस्क, एकाच्या हातात कालचीच हजेरीची वही. पंचायत कैद्यांनी निवडलेली असते. खोली कुणाला द्यायची, हजेरी कुणी घ्यायची, नवराबायकोच्या भांडणात कुणी पडायचं, हे तीच बघते. फार झालं तर एखाद्याला परत पाठवा, असं कार्यालयाला सांगण्याचं वजनही तिला आहे. त्यामुळं मोटरीच्या भांडणातही आवाज एका पट्टीच्या वर जात नव्हते. हाउसिंग सोसायटीची सभा ज्यांनी अनुभवली आहे त्यांना हे पाहून हेवा वाटेल. मला आधी वाटला, मग वाटेना. आमच्या सोसायटीत हरणारा माणूस पाय आपटत स्वतःच्या फ्लॅटमध्ये जातो. इथं हरणाऱ्यानं लगेच मान डोलावली, आणि ती समजूत होती की भीती, मला ओळखता आलं नाही.

शेजाऱ्यानं शेजाऱ्यावर लक्ष ठेवायचं, या व्यवस्थेचं बाहेरून फार कौतुक होतं. मीही करणार होते. पण दिवसभर बसल्यावर दिसतं की कुणी जास्त प्यालं, कुणाकडे कोण आलं, हे सगळ्यांना माहीत असतं आणि माहीत असायलाच हवं. एकानं घोळ केला तर कैंपाचं नाव जाईल, हे वाक्य मी दिवसात पाचेक वेळा ऐकलं. गावगाड्यातही हे होतं. पण गाव सोडून शहरात जाता येतं.

दुपारी एक नवा माणूस आला. एक गोणी, एक प्लास्टिकची पिशवी. 'कहां से?' 'कोटा.' पंचांनी त्याला चहा पाजला आणि कोपऱ्यातली एक खोली दाखवली, छप्पर ठीक पण दाराला कडी नाही. तो बराच वेळ त्या कडी नसलेल्या दाराकडे बघत होता. नऊ वर्षं बाहेरून लागणाऱ्या दारामागं काढलेला माणूस आतून कडी कशी लावायची याची चिंता करतोय, हे पाहून हसावं की काय कळेना. शेजारच्यानं सुतळी आणून दिली.

त्याच्यापुढचं काम सोपं नव्हतं. रेशन मिळणार नाही, ताट मिळणार नाही, चार दिवसांत मजुरी शोधायची. एकानं स्टोव्ह दिला, एकानं पीठ. संध्याकाळी सगळे त्याला फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर घेऊन गेले. मीही होते. टपरीवर फोननं पैसे द्यायचा तो चौकटींचा कागद, क्यूआर कोड, चिकटवलेला. त्याला तो काय आहे ठाऊक होतं, पॅरोलवर गावी पाहिला होता, पण तिथं सगळा व्यवहार भाऊ करायचा. स्वतःच्या हातानं कधी केलेलं नव्हतं. नोटबंदी त्यानं बराकीत ऐकली होती. 'पाचशेची नवी नोट आधी पेपरात पाहिली,' तो म्हणाला. मग त्यानं खिशातून घडी घातलेली दहाची नोट काढली आणि ती देताना दोन्ही हातांनी दिली.

मी रात्रीसाठी परत निघण्याआधी बाईचा नवरा दारात खाट टाकून बसला. मी विचारलं नव्हतं. त्यानंच सांगितलं. शेताचा बांध. चुलतभाऊ. दोन्हीकडून काठ्या होत्या, पण मेला तो एकच. एवढं बोलून तो थांबला आणि चष्मा पुसू लागला. बाई आत मशीनवर होती, मशीन थांबलं नाही.

माणदेशात बांधावरून झालेले खून मी लहानपणापासून ऐकत आलेय. त्यातल्या एका मेलेल्या माणसाचं घर मला माहीत होतं, आमच्या शाळेच्या वाटेवर होतं. त्या घरी मी कधी गेले नाही, जेवले तर नाहीच. इथं मात्र दोन दिवस बाजरीच्या भाकरी खाल्ल्या होत्या. कैंप मला पटतो. माणसाला बायकामुलांत ठेवलं, कमवायला लावलं, तर तो पळत नाही, हे साठ वर्षं डोळ्यांपुढं आहे. पण त्या चुलतभावाच्या बायकोला इथं आणून ही गल्ली दाखवली, तर तिला काय वाटेल, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि कैंपात ते विचारायची हिंमतही झाली नाही.

सुटका झाली तरी काही जण इथून हलत नाहीत, असं ओळखीच्या बाईंनी सांगितलं होतं. तेव्हा ते गमतीदार वाटलं होतं. कागद येतो, शिक्षा संपते, आणि मग गाव आठवतं: बांध तोच, भावकी तीच. मुलांची शाळा इथं, काम इथं. त्यांना खोली सोडा म्हणून मागं लागावं लागतं. तुरुंगातून माणूस हाकलावा लागतो, ही बातमी म्हणून छान आहे. पण रांगेतल्या पुढच्या कैद्याला त्यामुळं बंद तुरुंगात थांबावं लागतं, हे बातमीत येत नाही.

खोल्यांवर दुसरंही सावट आहे. सांगानेर आता गावाबाहेर राहिलेलं नाही. विमानतळ जवळ, टोंक रोड जवळ, जमिनीला सोन्याचा भाव. २०२४ मध्ये कैंपाच्या जागेतला मोठा भाग रुग्णालयासाठी देण्याचं ठरलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि न्यायालयानं तेव्हापुरतं आहे तसं राहू द्या म्हणून सांगितलं. याच न्यायालयानं २०१८ मध्ये सगळ्या राज्यांना खुले तुरुंग वाढवा म्हटलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी स्मिता चक्रवर्ती यांनी राजस्थानच्या विधी सेवा प्राधिकरणासाठी खुल्या तुरुंगांचा अभ्यास केला होता. देशातले सर्वाधिक खुले तुरुंग राजस्थानातच आहेत. पंचांपैकी एकाला मी जमिनीबद्दल विचारलं. 'अस्पताल भी चाहिए,' तो म्हणाला, 'हमको भी लगता है.' पुढं काही बोलला नाही.

चौथा दिवस

निरोप घ्यायला जेमतेम तासभर मिळाला. कोट्याहून आलेल्याला काम लागलं होतं, छापाच्या कारखान्यात धुतलेलं कापड वाळत घालायचं. दाराला कडी अजून नव्हती. बाईनं लसणाच्या चटणीची बाटली बांधून दिली, वर तेलाचा थर, दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणि तरीही झाकणाला कापड. मी तिला पत्ता देऊ लागले तर म्हणाली, फोन नंबर द्या, पत्ते बदलतात.

दुपारची गाडी दुर्गापुऱ्यालाच धरली. चटणीचा वास डबाभर झाला, समोरच्या काकांनी दोनदा सूचकपणे खिडकीकडे पाहिलं, पण एसीच्या डब्यात खिडकी उघडत नाही. कोटा मागं पडलं. बाहेर अंधारून आलं आणि मी पुस्तक काढलं.

पावणेसातला फोन वाजायला लागला. गजर रोजचा लावला गेला होता. मी दचकून उठूनच उभी राहिले.

'गोळी राहिली का?' काकांनी विचारलं.

'नाही,' मी म्हणाले, 'हजेरी.'

त्यांना काही कळलं नाही. मी खाली बसले, आणि गजर काढून टाकायला मेनू उघडला, तो तसाच उघडा ठेवून बराच वेळ बसून राहिले.